आजारपणाचे खाते : अँटवर्पला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

बेल्जियममधील अँटवर्प शहराच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकातून बाहेर पडून पेलिकानस्ट्राटच्या बाजूने थोडे चालले की होव्हेनियर्सस्ट्राट ही आखूड, कडक पहाऱ्यातील गल्ली लागते. हिऱ्यांच्या जागतिक व्यापाराचा फार मोठा हिस्सा अनेक दशके या एवढ्याशा परिसरातून झाला. १९६० च्या दशकापासून पालनपूरची जैन कुटुंबे येथे येऊ लागली आणि मुंबईचे ऑपेरा हाउस, पुढे वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स, सुरतेचे कारखाने व अँटवर्पची ही गल्ली असा एक अखंड धागा तयार झाला. विलरेक उपनगरात २०१० साली जिनालयही उभे राहिले. नव्याने जाणाऱ्या दांपत्याला आज तेथे घर, कार्यालय, शाळा, शुद्ध शाकाहारी भोजन या गोष्टी मिळवून देणारे कोणीतरी ओळखीचे असतेच. अडते ते पहिल्या तापाच्या वेळी.

आजारपणाच्या बाबतीत आपल्याकडील व्यापारी कुटुंबाच्या सवयी ठरून गेलेल्या आहेत. घराण्याचा एक डॉक्टर असतो, रात्री अकरालाही त्यास फोन लावता येतो. दुखणे जरा मोठे वाटले तर कोणाच्या शिफारशीची वाट न पाहता थेट नामांकित तज्ज्ञाकडे जाता येते. रुग्णालयात कोणी विश्वस्त वा देणगीदार परिचयाचा निघतो. आणि शेवटी खिशात रोकड असतेच. ओळख आणि रोकड या दोन चाव्यांनी भारतातील बहुतेक वैद्यकीय दारे उघडतात. अँटवर्पमध्ये या दोन्ही चाव्या फारशा चालत नाहीत. तेथील व्यवस्था उत्तम आहे, परंतु ती वेळेवर केलेल्या नोंदीवर चालते. जो मनुष्य हिऱ्याच्या एका पुडीचा हिशेब चार ठिकाणी लिहून ठेवतो, तोच या एका खात्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतो, ही विसंगती तेथे वारंवार दिसते.

ही व्यवस्था ब्रिटनसारखी सरकारी नाही आणि अमेरिकेसारखी मुख्यतः खासगी विम्यावर सोपवलेलीही नाही. १९६३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या सक्तीच्या आरोग्यविम्याची मध्यवर्ती संस्था रिझिव्ह या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. पण सामान्य माणसाचा तिच्याशी प्रत्यक्ष संबंध येत नाही. त्याचा संबंध येतो तो ‘झीकनफोंड्स’ अथवा ‘म्युच्युअलिटाइट’ या नावाच्या परस्पर-साहाय्य संस्थांशी. एकोणिसाव्या शतकात कामगारांनी आजारपणासाठी वर्गणी काढून ज्या मंडळ्या स्थापल्या, त्यांतूनच या संस्था वाढल्या. म्हणून आजही त्यांची कुळे ख्रिस्ती, समाजवादी, उदारमतवादी, तटस्थ अशी ओळखली जातात. नवख्या भारतीयास ही नावे ऐकून संकोच वाटतो. ख्रिस्ती संस्थेचे सभासद झाल्याने धर्माचा काही संबंध येईल काय, अशी शंकाही काहींना येते. तसे मुळीच नाही. कायद्याने मिळणारी मूळ परतफेड सर्वत्र सारखीच असते. फरक असतो तो चष्मा, दंतोपचार, बाळंतपणाची मदत यांसारख्या जोड-सवलतींत आणि त्यांच्या अल्प वर्गणीत. ज्यास ती वर्गणीही नको, त्याच्यासाठी शासनाचा स्वतंत्र साहाय्यक निधी आहे.

सभासदत्वाचा मार्ग सरळ आहे, पण त्याचा क्रम बदलता येत नाही. प्रथम नगरपालिकेत निवासाची नोंद करायची. मग राष्ट्रीय क्रमांक व निवासपत्र मिळवायचे. स्वतंत्र व्यवसाय असेल तर सामाजिक विमा निधीकडे व्यावसायिक म्हणून नाव घालायचे, आणि मग झीकनफोंड्स गाठायचे. स्वतंत्र व्यावसायिकास निव्वळ उत्पन्नाच्या २०.५ टक्के इतका अंशदानाचा हप्ता दर तिमाहीस भरावा लागतो. ठरावीक मर्यादेपलीकडील उत्पन्नावर दर कमी होतो. हा आकडा पाहून अनेकांच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु त्यात आरोग्यविमा व निवृत्तिवेतन यांची तरतूद एकत्र असते हे लक्षात घ्यावयास हवे.

जुन्या पिढीच्या मनात येथे एक गैरसमज शिल्लक आहे. पूर्वी स्वतंत्र व्यावसायिकास सक्तीच्या विम्यातून केवळ ‘मोठ्या जोखमी’, म्हणजे मुख्यतः रुग्णालयातील उपचार, मिळत असत. डॉक्टरची साधी भेट आणि नेहमीची औषधे या ‘लहान जोखमी’ ऐच्छिक होत्या. १ जानेवारी २००८ पासून हा भेद संपला. तरीही “व्यापाऱ्याला तेथे काही मिळत नाही” हे वाक्य अजून कानी पडते आणि नवा आलेला मुलगा ते ऐकून नोंदणी लांबणीवर टाकतो.

दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. विम्याचा हक्क सामान्यतः दोन वर्षांपूर्वीच्या अंशदानावर तपासला जातो. नव्याने येणाऱ्यास आरंभी हक्क मिळतो, परंतु पुढे मंदीच्या एखाद्या वर्षात हप्ते तुंबले तर त्याचा परिणाम त्या वर्षी जाणवत नाही. तो दोन वर्षांनी, कदाचित नेमका आजारपणाच्या वेळी, समोर येतो. हिऱ्याच्या धंद्यातील चढउतार ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यातील धोका वेगळा सांगावयास नको. हप्ता भरणे अशक्य झाले तर सवलतीसाठी अर्ज करण्याची सोय आहे. गप्प राहण्याने मात्र काहीच साधत नाही.

सभासद झाल्यावर करावयाचे पहिले काम म्हणजे ‘हाऊसआर्ट्स’, अर्थात कुटुंबाचा डॉक्टर निवडणे. ही निवड रुग्णाचीच असते, मात्र अनेक डॉक्टरांनी नवे रुग्ण घेणे थांबवलेले असते. म्हणून ताप आल्यावर शोध सुरू करण्यात अर्थ नाही. राहत्या घराची नोंद झाली त्याच महिन्यात हे काम उरकावे. डॉक्टर मिळाला की त्याच्याकडे कुटुंबातील प्रत्येकाची ‘समग्र वैद्यकीय नोंदवही’ उघडण्याची विनंती करावी. तिचा खर्च झीकनफोंड्स उचलते. तज्ज्ञांचे अहवाल, रक्ततपासण्या, लसी, ॲलर्जी हे सारे या एका ठिकाणी जमा होते.

या नोंदवहीचा पैशातील लाभ मौजेचा आहे. हाऊसआर्ट्सच्या भेटीचे शुल्क साधारण ३० युरोंच्या घरात असते. त्यातील रुग्णाने स्वतः सोसावयाचा भाग नोंदवहीविना ६ युरो, तर नोंदवही असल्यास ४ युरो. या भागास तेथे ‘रेमगेल्ड’ म्हणतात. ‘रेम’ म्हणजे गाडीचा ब्रेक. लोकांनी विनाकारण डॉक्टरकडे धावू नये म्हणून लावलेला हा पैशाचा ब्रेक! एखाद्या कुटुंबाचा वर्षातील रेमगेल्ड त्याच्या उत्पन्नानुसार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर वरची रक्कम परत मिळते. ही तरतूद २००२ पासून लागू आहे. व्यापारी माणूस दोन युरोंसाठी हे करणार नाही, आणि करूही नये. खरा लाभ निराळा आहे. रात्री बेशुद्धावस्थेत रुग्णालयात नेलेल्या माणसास मधुमेह आहे, अमुक औषध वर्ज्य आहे, हे अनोळखी डॉक्टरांना कळू शकते ते या नोंदींमुळे. भारतातून जाताना जी जाडजूड फाइल पिशवीतून नेली जाते, तिचा सारांश इंग्रजीत दोन पानांत करून घेऊन हाऊसआर्ट्सच्या हाती दिला, तर त्या फाइलचे सार्थक होते.

थेट तज्ज्ञाकडे जाण्यास बेल्जियममध्ये बंदी नाही. पण भेटीची वेळ अनेकदा काही आठवडे, कधी काही महिने पुढची मिळते, आणि हाऊसआर्ट्सचे पत्र असेल तर निकडीचे प्रकरण पुढे सरकते. येथे ओळखीचे काम ते पत्र करते. तज्ज्ञाची निवड करताना तो ‘करारबद्ध’ आहे की नाही हे विचारण्यात संकोच नसावा. करारबद्ध डॉक्टर ठरलेलेच शुल्क घेतो; करारबाह्य डॉक्टर आपले शुल्क आपण ठरवतो. झीकनफोंड्सची परतफेड मात्र दोहोंस सारखीच. जास्त शुल्क म्हणजे जास्त चांगला डॉक्टर, हे समीकरण तेथे लावता येत नाही. आपल्याकडेही ते सर्वत्र लागू पडते असे नाही.

रात्री वा सुट्टीच्या दिवशी काय करावे? जीवावरचा प्रसंग असेल तर ११२ हा क्रमांक. तेवढे गंभीर नसेल, पण सकाळपर्यंत थांबवत नसेल, तर १७३३ या क्रमांकावरून रात्रपाळीच्या हाऊसआर्ट्सची माहिती मिळते. ‘वाख्टपोस्ट’ नावाची त्यांची केंद्रे असतात. साध्या तापासाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन बसले तर गंभीर रुग्ण आधी घेतले जातात आणि आपली पाळी चार तासांनी येते. मग “परदेशात कोणी विचारत नाही” अशी तक्रार भारतातील नातेवाइकांपर्यंत पोहोचते.

औषधांचा विषय प्रत्येक कुटुंबाच्या सामानापासून सुरू होतो. मुंबईहून निघताना एक छोटी पेटी औषधांनीच भरलेली असते. स्वतःपुरती, चिठ्ठीसह नेलेली नेहमीची औषधे ठीक. मागाहून टपालाने मागवलेली मात्र सीमाशुल्क विभागात अडकू शकतात. प्रतिजैविके तेथे चिठ्ठीविना मिळत नाहीत आणि साध्या सर्दी-खोकल्यास डॉक्टरही ती सहजासहजी देत नाही. विश्रांती घ्या, पाणी प्या आणि ‘डाफालगान’ घ्या, एवढाच सल्ला पुष्कळदा मिळतो. डाफालगान म्हणजे पॅरासिटामॉलच. आपल्याकडील क्रोसिनचा तिकडचा भाऊ. व्यापारी नावे अशी बदलतात म्हणून प्रत्येक गोळीचे मूळ रासायनिक नाव व मात्रा लिहून नेणे आवश्यक असते. रक्तदाब-मधुमेहाच्या दोन-तीन औषधांची मिळून एकच गोळी आपल्याकडे सर्रास मिळते. नेमकी तीच जोडी तेथे नसण्याचा संभव मोठा. पर्यायी औषध बसवण्यास वेळ लागतो, म्हणून शेवटची पट्टी संपण्याआधीच हाऊसआर्ट्सला भेटावे.

आहारनियम पाळणाऱ्या कुटुंबांना येथे एक वेगळा प्रश्न पडतो. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. काही लसींतही जिलेटिन वापरलेले असते. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढले जाते. बेल्जियन डॉक्टर हे आपणहून सांगणार नाही, कारण त्यास तो प्रश्नच सुचत नाही. विचारले तर मात्र तो किंवा औषधविक्रेता बहुतेक वेळा गोळी, पातळ औषध वा दुसरा पर्याय शोधून देतो. जेथे पर्याय नसेल तेथे निर्णय कुटुंबाने घ्यावयाचा. तो शांतपणे, आधीच घेतलेला बरा, शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे. उपवासांचेही तसेच. इन्सुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या घेणारी व्यक्ती पर्युषणात उपवास करणार असेल तर ते हाऊसआर्ट्सला दोन आठवडे आधी सांगितले पाहिजे. मात्रा कशी बदलायची, उपवास करणे योग्य आहे काय, हे तो सांगू शकतो. परंतु ‘उपवास’ म्हणजे केवळ उकळलेले पाणी, आणि तेही सूर्यास्तापूर्वी, हे त्यास कोणीतरी समजावून द्यावे लागते. सर्वसाधारण डच शब्दाने तो फलाहार किंवा एक वेळचे जेवण समजू शकतो.

आता ज्या ठिकाणी व्यापारी कुटुंबाचे सर्वांत जास्त पैसे जातात ते ठिकाण. रुग्णालयात दाखल होताना ‘प्रवेशपत्र’ नावाचा एक कागद पुढे केला जातो. तो डच भाषेत असतो, आजारी माणसाच्या शेजारी उभे राहून वाचावयाचा असतो, आणि त्यावर सही करावी लागते. त्यात एक प्रश्न असतो : कोणती खोली हवी? सामायिक, दोघांची की स्वतंत्र? आपल्या घरात आई वा पत्नी आजारी असताना याचे उत्तर एकच असते. “स्वतंत्र द्या, उत्तम द्या.” इज्जतीचाही प्रश्न असतो, भेटावयास माणसे येणार असतात.

ही सही केवळ खोलीच्या भाड्यापुरती नसते. दोघांच्या वा सामायिक खोलीत डॉक्टरांना ठरलेल्या दरापलीकडे अधिभार घेता येत नाही. स्वतंत्र खोली मागितली की खोलीचा अधिभार तर लागतोच, शिवाय डॉक्टरांना त्यांच्या शुल्कावरही अधिभार लावता येतो. तो मूळ दराच्या १०० टक्के, २०० टक्के किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. समजा, शस्त्रक्रिया, भूल व तपासण्या मिळून अधिकृत शुल्क १,००० युरो आहे. २०० टक्के अधिभार असेल तर त्यावर आणखी २,००० युरो येतात आणि ते सर्व रुग्णाच्या खिशातून, कारण सक्तीचा विमा अधिभार देत नाही. शल्यविशारद तोच, शस्त्रक्रियागृह तेच, परिचारिका त्याच. बदलते ती फक्त भिंत. ज्यांनी रुग्णालयखर्चाचा वेगळा विमा घेतला आहे त्यांची गोष्ट निराळी; परंतु त्या विम्यातही आरंभी काही महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून गर्भारपण कळल्यानंतर तो घ्यावयास जाणे बहुधा उशिराचे ठरते. वैद्यकीय कारणासाठी स्वतंत्र खोली द्यावी लागली, अथवा दुसरी खोली शिल्लकच नव्हती, तर अधिभार लावता येत नाही, हेही जाणून असावे. अधिभाराचा कमाल दर रुग्णालयास विचारता येतो. धंद्यात जो माणूस दलालीच्या एक टक्क्यासाठी तासभर घासाघीस करतो, त्याने या कागदास दहा मिनिटे देणे गैर नाही.

याहून कठीण प्रश्न येतो तो भारतातून पाहुणे आलेल्या आई-वडिलांचा. मुलगा व सून झीकनफोंड्सचे सभासद असले तरी त्यांचे संरक्षण तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या वडीलधाऱ्यांना लागू होत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा अनिवार्य आहे, आणि पुष्कळ कुटुंबे तेवढाच, सर्वांत स्वस्त दिसेल तो घेतात. व्हिसा मिळतो. परंतु बहुतेक स्वस्त विम्यांत आधीपासून असलेले आजार वगळलेले असतात. सत्तरीतल्या, रक्तदाबाचे औषध वीस वर्षे घेत असलेल्या गृहस्थास हृदयविकाराचा झटका आला, तर विमा कंपनी नेमके याच कलमावर बोट ठेवते. आणि अतिदक्षता विभागात मुक्काम लांबला तर ३०,००० युरो ही रक्कम मोठी राहत नाही. भारत व बेल्जियम यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे. भारताचा या प्रकारचा तो पहिलाच, २००६ साली झालेला व २००९ मध्ये अमलात आलेला. त्याचा आधार पुष्कळजण मनात धरून असतात. तो करार मुख्यतः निवृत्तिवेतन व अंशदानाविषयी आहे; पाहुण्यांच्या औषधोपचाराशी त्याचा संबंध नाही. तेव्हा हप्ता दुप्पट पडला तरी जुने आजार निदान जीवघेण्या प्रसंगी तरी धरणारा विमा शोधणे, आणि निघण्यापूर्वी सर्व आजार अर्जात खरे लिहिणे, एवढेच हाती असते. “लिहिले तर हप्ता वाढेल” म्हणून लपवलेला मधुमेह दाव्याच्या वेळी रक्ततपासणीत उघड होतोच.

मुलांच्या बाबतीत मात्र ही व्यवस्था उदार आहे. ‘किंड एन गेझिन’च्या केंद्रांत बालकांची तपासणी व लसीकरण विनामूल्य होते. बेल्जियममध्ये कायद्याने सक्तीची लस एकच, पोलिओची. बाकीच्या शिफारशीच्या असतात आणि जवळजवळ सर्व पालक त्या घेतात. क्षयाची बीसीजी लस तेथे सरसकट दिली जात नाही. दिवाळीला आजी-आजोबांकडे सुरत-मुंबईला येणारे मूल तेथे जन्मलेले असते, येथील पाण्याची त्यास सवय नसते. “आपल्याच घरी तर चाललो आहोत” म्हणून टायफॉइड, कावीळ यांच्या लसींकडे दुर्लक्ष होते. अँटवर्पमध्येच उष्णकटिबंधीय रोगांची जगप्रसिद्ध संस्था आहे व तिच्या प्रवासी दवाखान्यात याविषयी सल्ला मिळतो. घराजवळ एवढी सोय असूनही ती वापरली जात नाही, हे खेदजनक आहे.

एक नोंद अशी की जिच्याविषयी बहुतेकांना काहीच माहिती नसते. १९८६ च्या कायद्यानुसार बेल्जियममध्ये मृत्यूनंतर अवयवदानास संमती गृहीत धरली जाते. परकीय नागरिकही तेथील नोंदवहीत सहा महिन्यांहून अधिक काळ असेल तर हा नियम त्यास लागू होतो. ज्यास दान करावयाचे आहे तो स्पष्ट संमती नोंदवू शकतो, ज्यास नको तो विरोध नोंदवू शकतो. नगरपालिकेत ही सोय आहे. कोणी काय करावे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग आहे. परंतु अपघातानंतरच्या रात्री, भांबावलेल्या पत्नीला हा कायदा प्रथमच कळावा, ही वेळ टाळता येण्याजोगी आहे.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. अँटवर्पचे डॉक्टर बहुतेक इंग्रजी जाणतात. पण सासूबाई इंग्रजी जाणतात असे नाही. मग दहा-बारा वर्षांचा नातू दुभाष्या होतो. आजी त्याच्यासमोर पोटाखालचे दुखणे सांगत नाही, आणि “गॅस झाला, जीव घाबरतो” या शब्दांचे तो जे भाषांतर करतो त्यातून डॉक्टरास अपचनच कळते. छातीतील दाब, डाव्या हातास मुंग्या, घाम, या गोष्टी ‘गॅस’ या एका शब्दाखाली झाकल्या जाण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत जुनी आहे. मुंबईच्या डॉक्टरास ती ठाऊक असते, फ्लेमिश डॉक्टरास नसते. २००२ च्या रुग्णहक्क कायद्याने रुग्णास समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा आणि विश्वासातील व्यक्ती सोबत ठेवण्याचा हक्क दिला आहे. ही व्यक्ती मुलगी वा सून असावी, आणि तिने निघण्यापूर्वी आजीजवळ बसून दुखते कोठे, केव्हापासून, चालताना वाढते काय, हे विचारून कागदावर लिहून न्यावे. तोच कागद घरातील फोनशेजारी, ११२ या आकड्याखाली, घराचा पत्ता डच उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून चिकटवला, तर दुपारी घरात एकट्या असलेल्या आजीलाही तो वाचता येतो.